श्वास धरा, सोडा

एकतीस वर्षं धुळ्याच्या सिव्हिलमध्ये
मी एवढंच म्हणत आलो :
छाती टेकवा. श्वास घ्या. धरा.
सोडा.
काचेपलीकडून. मग पुढचा पेशंट.

जिनिंगमधले खोकणारे, विडीवाले,
साक्रीच्या खडीवरचे,
आणि एकदा सातपुड्यातून उतरलेली पावरा बाई,
जिला माझा एकही शब्द कळेना.
म्हणून मीच तिच्यापुढे गाल फुगवून
श्वास धरून उभा राहिलो,
ती हसली,
प्लेट हलली.

अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मा तारेवर टांगायचो.
हाडं पांढरी, मधली फुप्फुसं काळी.
शिकाऊ पोरं विचारायची, सर, हे काळं म्हणजे आजार ना?
नाही रे. काळं म्हणजे काही नाही. हवा.
पांढरं व्हायला लागलं की समजायचं,
जागा भरत चालली.
परीक्षेपुरतं सांगायचो हे,
आणि डबा खायला जायचो.

निवृत्तीनंतर झोप गेली.
भुसावळच्या एका हातगाडीवर पातळसं पुस्तक मिळालं, कव्हर फाटलेलं,
चीनमधल्या जुन्या बसणाऱ्या माणसांचं.
ताओ म्हणजे वाट, म्हणे.
पण चालायचं नाही. बसायचं.
बेंबीच्या तीन बोटं खाली जगण्याचं मूळ आहे, तिथं बघायचं.

मी बघू लागलो, जसं आयुष्यभर बघितलं,
केसासारखी चीर शोधत, दिव्यापुढे धरून.
पाठ ताठ, जबडा घट्ट, श्वास मोजून.
महिनाभर मला तिथं फक्त गॅस सापडला.

पौषात मामेसासऱ्यांकडे गेलो.
उखा आप्पा, पांझरेच्या फडावरचे पाटकरी,
आता पाटकरीपण राहिलं नाही तसं,
पण रात्रीच्या पाळीला अजून तेच उठतात.
ओट्यावर डोळे मिटून बसलेला मला बघून म्हणाले,
पोट दुखस का, जवाई?
मी सांगितलं सगळं. मूळ वगैरे.
ते काही बोलले नाहीत. फावडं घेतलं. चाला.

गहू गुडघ्याएवढा. थंडी कानात.
चारीच्या तोंडाशी पाणी अडून राहिलेलं,
हललं तर हललं, असं.
मी म्हटलं, जोर लावू का?
आप्पा खाली बसले, हात बुडवला,
मूठभर गवत, चिखल, कुणाची तरी फाटकी चप्पल
बाहेर काढून ठेवली.
पानीले ढकलनं नही पडस, भाऊ.
आडवं काय शे ते काढी टाकनं.

पाणी गेलं.
आवाज नंतर आला.

बंधाऱ्याच्या दगडावर बसलो दोघं.
मी विचारलं, नदीचं मूळ कुठं, आप्पा?
वर, पिंपळनेरकडे, डोंगरात, म्हनतस लोके.
मी काई गऊ नही तठे.
आठे येस, पुरे शे.
मग ते तंबाखू मळत बसले
आणि मी नुसताच.

श्वास बाहेर गेला.
त्याच्या टोकाशी एक जागा होती,
तिथं कुणी धरा म्हणणारं नव्हतं,
कुणी सोडा म्हणणारं.
काळी, नीट विकसित झालेल्या फिल्मसारखी काळी,
आणि मुळीच आजारी नाही.
पुढचा श्वास मी घेतला नाही.
तो वर आला, चारीतून यावा तसा,
माझ्याकडे न बघता.

किती वेळ ते ठाऊक नाही.
आप्पांची तंबाखू थुंकून झाली होती,
पलीकडच्या वाफ्यात पाणी पोचलं होतं,
माझा पायजमा बुडाशी गारठून ओला.

परत येताना ती पावरा बाई आठवली.
तेवढी एकच प्लेट होती माझ्याकडे
जिच्यात छाती उघडली तेव्हा
कुणी धरून ठेवली नव्हती.
हलली, म्हणून बाद लिहिलं मी तिच्यावर लाल पेन्सिलीनं,
आणि टाकली पेटीत.

भंगारवाला न्यायचा ती पेटी दर दिवाळीला.
चांदी निघते म्हणे त्यातून.